स्वयंपाकघरातला रेडिओ : एका कोलंबियन घराच्या आठवणी

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जॅक्सन हाइट्स नावाची वस्ती आहे. तिथल्या ७४व्या रस्त्यावर आपली माणसं डाळ-तांदूळ, कढीपत्ता आणि लग्नाच्या साड्या घ्यायला येतात. तिथून रूझवेल्ट अॅव्हेन्यूने, डोक्यावरून धडधडत जाणाऱ्या सात नंबरच्या गाडीखालून, थोडं चाललं की ८२वा रस्ता लागतो. तोवर दुकानांच्या पाट्या स्पॅनिश झालेल्या असतात आणि बेकरीच्या काचेमागे चीज घालून भाजलेले गोल पाव मांडलेले दिसतात. कोलंबियातून आलेली माणसं १९६०-७०च्या दशकांपासून या भागात वसली. या दोन रस्त्यांच्या मधल्या एका इमारतीत मी बरीच वर्षं राहिले. आमच्या समोरच्या दारात एक कोलंबियन कुटुंब होतं, तीन पिढ्यांच्या तीन बायका. आज मी जे सांगणार आहे ते त्यांच्याकडून ऐकलेलं आहे. त्यांची परवानगी घेऊन सांगते आहे आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे नावं गाळून सांगते आहे.

आजी किंदीओ प्रांतात, कॉफीच्या डोंगरावर वाढल्या. त्यांची मुलगी बोगोटाला शिकली, पुढे आर्मेनियाला परतली. हे आर्मेनिया म्हणजे किंदीओची राजधानी, त्या नावाचा देश नव्हे. नात क्वीन्समधेच जन्मली. आजी मला आजही ‘वेसीना’, म्हणजे शेजारीण, अशीच हाक मारतात, आणि मी त्यांना आजी म्हणते.

मुलीला कामाच्या ठिकाणी, नव्या ओळखीत, एक प्रश्न ठरलेला असतो : कोकेनच्या टोळीचा म्होरक्या पाब्लो एस्कोबार याचा. एस्कोबार २ डिसेंबर १९९३ रोजी मेडेयीनमधल्या एका घराच्या छपरावर मारला गेला. त्याला तीस वर्षं उलटून गेली, तरी प्रश्न संपत नाही. बाई चिडत नाहीत, पण त्यांना लागतं. कारण तो काळ त्यांनी काढलेला आहे. १९८९च्या नोव्हेंबरमधे आव्हियांका या कोलंबियन कंपनीचं प्रवासी विमान बॉम्बने हवेत उडवलं गेलं, पुढच्याच आठवड्यात बोगोटात गुप्तचर खात्याच्या इमारतीपाशी प्रचंड स्फोट झाला, तेव्हा त्या त्याच शहरात शिकत होत्या. विचारणाऱ्याला त्या दिवशी त्या घरी कशा पोचल्या, आईला फोन कुठून केला, रात्री चूल पेटली का, हे ऐकायचं नसतं. मला वाटतं, विचारायचं तर हेच विचारायला हवं. देशावर ओढवलेला इतिहास घराघरात कुठल्या दाराने शिरला आणि माणसांनी त्याला सोबत घेऊन दिवस कसे काढले, हे रोजच्या जगण्याच्या आठवणींतच सापडतं. या कुटुंबाकडे तशा आठवणी भरपूर आहेत, आणि त्या साध्या आहेत म्हणून कमी मोलाच्या नाहीत.

सुरुवात हवेपासून करते, कारण आजींचं बोलणं तिथूनच सुरू होतं. कोलंबिया विषुववृत्तावरचा देश. दिवस आणि रात्र वर्षभर जवळजवळ सारख्या. सकाळी सहाच्या सुमाराला उजाडतं, संध्याकाळी सहाच्या सुमाराला अंधारतं, जानेवारीत तसंच जुलैत. आपल्यासारखे उन्हाळा-हिवाळा नाहीत. पण अँडीजच्या तीन रांगा त्या देशातून दक्षिणोत्तर जातात, त्यामुळे तिथे थंडी हवी असेल तर डिसेंबरची वाट बघत नाहीत, वरच्या गावाची बस पकडतात. बोगोटा २,६०० मीटरवर. तिथे बारा महिने स्वेटर लागतो. तिथून काही तास घाट उतरून माग्दालेना नदीच्या खोऱ्यात गेलं की अंगाला धारा लागतात. उसा-केळ्यांची ती गरम जमीन, बटाट्याची ती थंड जमीन, आणि मधे, हजार ते दोन हजार मीटरच्या पट्ट्यात, कॉफी. आजी माणसांची ओळखसुद्धा अशीच करून देतात. अमका खालचा, तमकी वरची. कुणाचं लग्न कुठे झालं हे सांगतानाही आधी उंची येते, मग गाव.

सहाच्या ठोक्याला तिथे आणखी एक महत्त्व आहे. १९९५च्या एका कायद्याने रेडिओ आणि टीव्ही केंद्रांना सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा वाजता राष्ट्रगीत लावणं सक्तीचं केलं. त्या आधीपासून घरात सहाची वेळ प्रार्थनेची होती. दिवा लावायचा, गुरं आत घ्यायची, मुलांना हाका मारायच्या, सगळं त्याच वेळेला. आता असं घड्याळ अंगात भिनलेल्या बाईला न्यूयॉर्कच्या डिसेंबरमधे आणून ठेवा. तिथे साडेचारला सूर्य मावळतो. पहिल्या हिवाळ्यात आजी रोज दुपारी चारच्या पुढे बेचैन व्हायच्या, जेवणाला उशीर झाला म्हणून भराभर कांदा चिरायला घ्यायच्या, आणि मुलगी कामावरून येईतो अन्न गार होऊन जायचं. गंमत अशी की हिवाळ्यात न्यूयॉर्क आणि कोलंबियाची घड्याळं अगदी एक वेळ दाखवतात. बहिणीला फोन लावला की दोघींकडे साडेपाच. तिकडे अंगणात ऊन, इकडे मिट्ट काळोख. आजी म्हणतात, घड्याळ खोटं असतं तर समजूत पडली असती.

आता स्वयंपाकघरात जाऊ. देश सोडताना आजींनी जे मोजकं सामान आणलं त्यात मका दळायचं ओतीव लोखंडाचं हातयंत्र होतं. कोरोना या छापाचं, कोलंबियातच बनलेलं. वर दाणे टाकायचं तोंड, आत मळसूत्र, पुढे खाचांच्या दोन चकत्या, आणि फिरवायला लांब दांडा. कोलंबियात क्वचितच असं खेड्यातलं घर असेल जिथे हे यंत्र नव्हतं. ते टेबलाच्या कडेला खालून स्क्रू आवळून बसवतात. क्वीन्समधल्या टेबलाची कड नेमकी जाड निघाली, यंत्र बसेना. म्हणून आजी ते एका लाकडी स्टुलाला आवळतात, मधे जुन्या टॉवेलची घडी घालतात, आणि दांडा फिरवताना स्टूल सरकू नये म्हणून नातीला स्टुलावर बसवतात. नात लहान होती तेव्हापासून हे चाललंय. अभ्यासाचं पुस्तक घेऊन ती स्टुलावर बसते आणि तिच्या पाठीमागे मका दळला जातो.

मका पांढरा. त्याचं टरफल पूर्वी उखळात कांडून काढायचे, आता सोललेलाच मिळतो. रात्रभर भिजवायचा, सकाळी मऊ उकडायचा, दळायचा, मळायचा. आजी गोळा तळहातावर घेतात, दुसऱ्या हाताने दाबत दाबत फिरवतात आणि कडा बोटाने सारख्या करतात. मग जाळीवर, मंद आचेवर, दोन्हीकडून करडे डाग पडेपर्यंत. हा झाला अरेपा. त्यांच्या भागात पिठात मीठ घालत नाहीत. लोणी आणि मीठ खाताना वरून. सकाळी अरेपा, दुपारी घेवड्याच्या उसळीबरोबर अरेपा, रात्री उरलेला तापवून पुन्हा अरेपा. पर्यटकांना दाखवतात ते भात-उसळ-मांस-केळं-अंडं-अॅव्होकाडोने ओसंडणारं ताट त्यांच्या घरी रोज नव्हतं. अरेपा मात्र रोज होता. १९६० साली शेजारच्या व्हेनेझुएलात शिजवून वाळवलेल्या मक्याचं तयार पीठ बाजारात आलं, आणि हळूहळू दोन्ही देशांतल्या बायकांचे पहाटेचे दोन तास वाचले. मुलगी आठवडाभर तेच पीठ वापरते आणि त्याबद्दल तिला काडीचंही वाईट वाटत नाही. आईला चार वाजता उठून दांडा फिरवताना पाहिलंय मी, ती म्हणते, त्यात काव्य शोधायला मला सांगू नका.

एकदा मी आजींना ७४व्या रस्त्यावरच्या आपल्या वाणसामानाच्या दुकानात घेऊन गेले. मसाल्यांच्या कपाटापाशी त्या थबकल्या नाहीत, चहापाशी नाहीत. गुळाच्या ढेपेपाशी थांबल्या. पिशवी उचलून नाकाला लावली, नखाने टोकरली, आणि म्हणाल्या, “पानेला.” गूळ बनवण्यात जगात भारताचा पहिला क्रमांक, आणि दुसरा कोलंबियाचा, हे मला तोवर माहीत नव्हतं. तिथेही उसाचा रस चरकात काढतात, ओळीने मांडलेल्या कढयांतून आटवतात, चिपाडंच वाळवून खाली जाळतात, वरची मळी काढून टाकतात आणि घट्ट झालेला पाक लाकडी साच्यात ओततात. कोल्हापूरच्या गुऱ्हाळावर वाढलेल्या माणसाला तिथे काहीच समजावून सांगावं लागणार नाही. आजींचं मत मात्र ठाम होतं : आपला गूळ फार पिवळा आणि फार मऊ. पानेला गडद तपकिरी हवी, आणि फोडायला दगड लागायला हवा.

त्या गुळाचं गरम पाणी, आग्वापानेला, हे तिथलं खरं राष्ट्रीय पेय आहे असं मी म्हणेन. सर्दीला लिंबू पिळून, न्याहारीला चिजाचा तुकडा टाकून, शेतावर गार करून. कॉफीदेखील खेड्यात याच पाण्यात उकळतात. आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कॉफी पिकवणाऱ्या घरात चांगली कॉफी प्यायली जात नव्हती. निवडक दाणा निर्यातीला जायचा. घरी राहायचा तो किडका, फुटका, अर्धवट. आजींनी आपल्या डोंगरावरची उत्तम कॉफी पहिल्यांदा चाखली ती न्यूयॉर्कमधे.

कॉफीचं घर म्हणजे काय, ते आजींच्या तोंडून असं : कमरेला टोपली बांधून उतारावर उभं राहायचं, एका हाताने फांदी वाकवायची, दुसऱ्या हाताने फक्त लाल झालेली फळं काढायची, हिरवं एक नाही. मोठी वेचणी सप्टेंबरनंतर, छोटी एप्रिल-मेच्या सुमाराला. फळाची साल काढून दाणे रात्रभर आंबवायचे, धुवायचे, मग वाळवायचे. त्यांच्या घराचं छप्पर रुळांवर सरकणारं होतं. ऊन असलं की छप्पर ढकलून माळ्यावरची कॉफी उघडी करायची, ढग आला की धावत जाऊन झाकायची. हे काम मुलांचं. पाऊस आलेला कळला नाही म्हणून मार खाल्ल्याची आठवण त्यांच्या पिढीतल्या बहुतेकांकडे आहे. वाळलेला माल विलीज जीपवर लादून गावात न्यायचा. या जीपा दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे आल्या आणि डोंगराच्या झाल्या. कॉफीची पोती, केळीचे घड, कोंबड्या, आणि घर बदलताना खाटा-कपाटांसकट अख्खं बिऱ्हाड एका जीपवर चढायचं.

भाव ठरायचा कार्गावर. कार्गा म्हणजे १२५ किलो वाळलेली कॉफी. १९२७ साली स्थापन झालेला कॉफी उत्पादकांचा राष्ट्रीय महासंघ रोजचा खरेदीभाव जाहीर करायचा आणि तो रेडिओवर यायचा. भाव सांगताना घरात कुणी बोलायचं नाही. १९८९च्या जुलैमधे, कुणी किती कॉफी निर्यात करायची हे ठरवणारा, जगातल्या कॉफी देशांचा कोटा-करार मोडला आणि काही महिन्यांत आंतरराष्ट्रीय किंमत जवळपास निम्म्यावर आली. त्याच्या वर्षभर आधी फळ पोखरणारा भुंगा कोलंबियात शिरला होता. बोगोटात बॉम्ब फुटत होते ते हेच साल. बातम्यांत बॉम्ब होते; आजींच्या घरात भाव होता. मुलीची खानावळ भरायला पैसे आले नाहीत, तिने संध्याकाळी शिकवण्या धरल्या, थोरल्या भावाने कॉफीची झाडं उपटून केळी लावली. मला विचाराल तर एस्कोबारइतकंच त्या करार मोडण्यानेही या कुटुंबाला देशाबाहेर ढकललं. पण त्यावर कुणी मालिका काढत नाही.

या घरात आठवणींवर एकमत आहे असं मात्र समजू नका. आजी शेताबद्दल बोलायला लागल्या की मुलगी हळूच विचारते, “आई, वेचायला यायची ती माणसं कुठे झोपायची?” दूरदूरच्या प्रांतांतून वेचणीला येणारे मजूर एका लांबट खोलीत, फळ्यांच्या माच्यांवर, दाटीवाटीने झोपायचे. किलोवर मजुरी. आजींच्या आठवणीत ते संध्याकाळी गिटार वाजवतात. मुलीच्या आठवणीत त्यांना वेगळ्या भांड्यांतून वाढलं जातं. दोन्ही खरं असणार. मला या कुटुंबाबद्दल आदर वाटतो तो यासाठी की हा वाद ते माझ्यासारख्या बाहेरच्या माणसासमोर घालतात, लपवत नाहीत.

रेडिओचा उल्लेख झाला. त्यावर थोडं रेंगाळते, कारण या व्याख्यानाचं नाव त्यावरून आहे. आजी शाळेत फार गेल्या नाहीत. १९४७ साली बोयाका प्रांतातल्या सुतातेन्सा या खेड्यात होसे होआकिन साल्सेदो नावाच्या तरुण पाद्र्याने एक लहानसं प्रक्षेपण केंद्र सुरू केलं, त्यातून शेतकऱ्यांसाठी रेडिओ-शाळा उभी राहिली आणि ती देशभर पसरली. ठरलेल्या वेळी शेजारपाजारची माणसं एका घरात जमायची, गावातलाच जरा शिकलेला कुणी मदतनीस फळ्यावर अक्षर काढायचा, आणि रेडिओतला मास्तर शिकवायचा. वाचन, लेखन, हिशेब, उकळून पाणी पिणं, भाजीचा मळा. सोबत छापील पुस्तिका यायच्या. आजी अशा शाळेत वाचायला शिकल्या, आपल्या आईच्या शेजारी बसून. मायलेकी एकाच वर्गात होत्या. रेडिओ सुतातेन्सा १९८९मधे बंद पडलं. आजींचं अक्षर आजही मोठं, सुटं आणि सरळ आहे, फळ्यावरून उतरवून घेतल्यासारखं.

मग सायकल. तिथे हा फक्त खेळ नाही. डोंगराळ देशातला गरीब मुलगा सायकलवर दूध, फुलं, टपाल पोचवतो, आणि त्यातला एखादा युरोपातल्या घाटांत सगळ्यांना मागे टाकतो, हे त्यांनी कानांनी पाहिलं. १९८४ साली टूर द फ्रान्समधला आल्प द्युएझचा टप्पा लुचो एरेराने जिंकला. फुसागासुगाचा हा मुलगा माळीकाम करत असे. त्या शर्यतीत टप्पा जिंकणारा तो पहिला कोलंबियन. १९८७ साली त्याने स्पेनची शर्यतच जिंकली. युरोपात दुपार असते तेव्हा कोलंबियात सकाळ. त्यामुळे समालोचन चालू असायचं ते न्याहारीच्या आणि शाळेच्या वेळेला. मुलगी सांगते, बाईंनी वर्गात ट्रान्झिस्टर टेबलावर ठेवला होता, गणित थांबवलं होतं. स्पर्धकांच्या खिशात पेरूच्या वड्या आणि बाटलीत गुळाचं पाणी असायचं, हे समालोचक आवर्जून सांगायचे, आणि ऐकणाऱ्या प्रत्येक घरात तेच गुळाचं पाणी चुलीवर असायचं.

१९९२-९३मधे देशभर वीज गेली. दुष्काळाने धरणं आटली, आणि वीज बहुतांशी पाण्यावरची. १९९२च्या मार्चपासून वर्षभर भारनियमन झालं, रोज कित्येक तास. सरकारने घड्याळं तासभर पुढे केली. आधी सांगितलं ना, सहाला उजाडणारा देश; त्या वर्षी शाळेची मुलं काळोखात मेणबत्ती घेऊन आंघोळीला जायची. टीव्ही बंद, म्हणून संध्याकाळी माणसं पुन्हा बॅटरीच्या रेडिओकडे वळली. काराकोल केंद्राने तेव्हा ‘ला लुसियेर्नागा’, म्हणजे काजवा, नावाचा राजकीय थट्टेचा कार्यक्रम सुरू केला. तो इतका लोकप्रिय झाला की वीज आली तरी चालूच राहिला. मुलगी बोगोटात एका खोलीत चौघी मैत्रिणींबरोबर राहायची. एक मेणबत्ती, एक रेडिओ, आणि मंत्र्यांच्या आवाजाच्या नकला. त्या वर्षी आम्ही सगळ्यात जास्त हसलो, असं ती म्हणते, आणि त्याच वर्षी बाहेर काय चाललं होतं ते ती विसरलेली नाही.

आणि तोच रेडिओ रविवारी पहाटे वेगळं बोलायचा. अपहरण हा त्या काळात धंदा झाला होता. गनिमी टोळ्या हमरस्ता अडवून, गाड्या थांबवून, माणसं उतरवून न्यायच्या. किंदीओतून बोगोटाला जाताना ला लीनेआचा घाट लागतो, तीन हजार मीटरहून उंच. या कुटुंबाने तो घाट रात्री ओलांडणं सोडून दिलं, मग दिवसाही टाळायला लागले. १९९४ साली एर्बिन ओयोस नावाच्या पत्रकाराला स्वतःलाच पळवून नेलं गेलं. जंगलात त्याला साखळीने बांधलेला एक कैदी भेटला, ज्याच्यापाशी लहानसा रेडिओ होता. पत्रकार आमच्यासाठी काहीच का करत नाहीत, असं त्याने विचारलं. सुटून आल्यावर ओयोसने अपहृतांसाठीचा कार्यक्रम सुरू केला आणि तो २०१८पर्यंत चालला. घरचे लोक केंद्रावर येऊन किंवा फोन करून आपल्या माणसाशी बोलायचे. तो ऐकतोय की नाही, जिवंत आहे की नाही, काहीच माहीत नसताना.

त्या निरोपांत काय असायचं? धाकट्याला गणितात चांगले गुण मिळाले. मांजरीला पिल्लं झाली. तुमची खोली रंगवली, निळीच ठेवली. आईचा गुडघा आता बरा आहे. आजींच्या घरातलं कुणी पळवलं गेलेलं नव्हतं. तरी त्या पहाटे उठून ऐकायच्या. कुणीतरी ऐकायला हवं, असं त्यांना वाटायचं. जंगलात बांधून ठेवलेल्या माणसाला काय सांगावं हे ठरवताना त्या हजारो घरांनी मांजर, खोली आणि गुडघा निवडला. रोजचं जगणं म्हणजे इतिहासाच्या कडेला उरलेली किरकोळ गोष्ट, असं मानणाऱ्या प्रत्येकाने ते निरोप ऐकायला हवे होते.

२५ जानेवारी १९९९ला दुपारी एक वाजून एकोणीस मिनिटांनी आर्मेनिया हादरलं. तीव्रता ६.२. हजाराहून जास्त माणसं गेली. अग्निशमन दलाची इमारतच कोसळली, मदतीला येणारेच गाडले गेले. आजींचं जुनं घर ग्वादुआ बांबू आणि मातीचं होतं. ते वाकलं, पण पडलं नाही. मुलीची सिमेंटची भाड्याची खोली राहिली नाही. कितीतरी महिने प्लास्टिकच्या छपराखाली काढले. त्याच वर्षी देशाची अर्थव्यवस्था चार टक्क्यांहून अधिक आकसली. पुढल्या वर्षी मुलगी न्यूयॉर्कला आली, जिथे सत्तरच्या दशकात आलेली एक मावशी होती, आणि काही काळाने तिने आईला आणलं. या प्रवासाबद्दल त्या दोघी फार बोलत नाहीत, म्हणून मीही बोलत नाही.

काय आठवत नाही, किंवा आठवलं तरी नको वाटतं, तेही सांगायला हवं. तिथे प्रत्येक वस्तीतल्या घरांना एक ते सहा असा सामाजिक-आर्थिक स्तराचा आकडा असतो आणि तो विजेच्या, पाण्याच्या बिलावर छापलेला असतो. खालच्या स्तरांना दर कमी, वरच्यांना जास्त, हेतू चांगला. पण लोक एकमेकांना त्या आकड्याने मोजायला लागले. मुलीला कॉलेजात पहिल्या आठवड्यात कुणीतरी विचारलं, तू कितव्या स्तरातली. तो प्रश्न न्यूयॉर्कमधे कुणी विचारत नाही, याचं तिला अजून सुख वाटतं.

डिसेंबर मात्र तिघींचा सामाईक. ७ डिसेंबरच्या संध्याकाळी मेरीच्या सणाच्या आदल्या रात्री देशभर दारापुढे, खिडकीत, फुटपाथवर मेणबत्त्या लावतात. किंदीओतलं किंबाया गाव कागदी कंदिलांसाठी प्रसिद्ध आहे. तिथले रस्तेच्या रस्ते कंदिलांनी भरतात. १६ ते २४ डिसेंबर, नऊ संध्याकाळी, नोवेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. आज या घरी, उद्या त्या घरी. येशूच्या जन्माचा देखावा मांडलेला असतो. पूर्वी त्यासाठी डोंगरावरचं शेवाळ आणायचे, आता पर्यावरणासाठी त्याला बंदी आहे. समोर बसून ठरलेला मजकूर वाचायचा. हा मजकूर अठराव्या शतकात किटोच्या फर्नांदो दे हेसूस लार्रेआ या फ्रान्सिस्कन साधूने लिहिला, आणि पुढे बोगोटाच्या एका जोगिणीने त्याला आजचं रूप दिलं, त्यात कडवी घातली. ती बेर्तिल्दा साम्पेर आकोस्ता, मठातलं नाव माद्रे मारिया इग्नासिया; कोलंबियाची मोठी लेखिका सोलेदाद आकोस्ता हिची मुलगी. कडवी मुलं म्हणतात, पालुपद सगळे मिळून, आणि खुळखुळे वाजतात.

वाचन संपलं की दूध, गूळ आणि मक्याच्या पिठाची थिजवलेली नातीया आणि तळलेले बुन्युएलो. बुन्युएलो म्हणजे खारट चीज कुस्करून मळलेले लिंबाएवढे गोळे. तेल किती तापलं हे ओळखायची खूण आजींनी मला दाखवली. गोळा आधी तळाशी बसायला हवा, मग सावकाश वर यायला हवा, आणि वर आला की झाऱ्याने न ढवळता आपणहून उलटायला हवा. तेल जास्त तापलं तर बाहेरून लाल, आतून कच्चा, आणि कधी फुटतोही. कमी तापलं तर तेल पितो. पहिला गोळा नेहमी एकटा टाकतात. तो उलटेपर्यंत स्वयंपाकघरात सगळे कढईकडे बघत उभे असतात.

आता ही नोवेना फोनवर होते. काही भावंडं माद्रिदला आहेत. स्पेनने २००२पासून कोलंबियन लोकांना व्हिसा लावला, त्याच्या आधी जे पोचले त्यांतली. तिकडे मध्यरात्र उलटलेली असते, तरी ते जागे राहून आपलं कडवं म्हणतात. ३१ डिसेंबरला बाराच्या ठोक्याला बारा द्राक्षं खातात, आणि रिकामी बॅग घेऊन घराभोवती किंवा गल्लीला फेरी मारतात. नव्या वर्षात प्रवास घडावा म्हणून. १९९९च्या शेवटच्या रात्री आर्मेनियात तंबूंच्या मधल्या वाटांवरून खूप माणसं बॅगा घेऊन धावत होती, असं मुलगी सांगते. नात दरवर्षी क्वीन्समधे इमारतीला फेरी मारते. तिला कोलंबियाला जायचं आहे.

हेच सध्या त्यांच्या घरात चाललंय, आणि तेच सांगून थांबते. नातीला ऑक्टोबरच्या वेचणीला किंदीओत जायचं आहे. मामाच्या घरी आता पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत; तो सगळा प्रदेश २०११पासून जागतिक वारसा यादीत आहे. पण २०२५च्या सुरुवातीला कार्ग्याचा भाव तीस लाख पेसोंच्या वर गेला, तेव्हा मामांनी केळी काढून पुन्हा कॉफी लावली. वेचायला मजूर मिळत नाहीत. जे मिळतात त्यांत व्हेनेझुएलातून आलेली माणसं पुष्कळ आहेत. सत्तरच्या दशकात तेलाच्या पैशामुळे कोलंबियन लोक कामासाठी व्हेनेझुएलाला जायचे, आजींचा एक भाऊही गेला होता. आता तिकडून लाखो माणसं इकडे आली, आणि २०२१मधे कोलंबियाने त्यांना दहा वर्षांचा कायदेशीर आसरा दिला. आजींचं म्हणणं, आधी चार तास उतारावर उभं राहून दाखव, मग तिकिटाचं बोलू. मुलीचं म्हणणं, जा, जरूर जा, पण ती व्हेनेझुएलाची माणसं रात्री कुठे झोपतात आणि कुठल्या भांड्यांत जेवतात ते बघून ये, आणि आल्यावर आजीला सांग. नातीने दोघींना हो म्हटलंय.